गाणी चांगली नसती तर कोणी हसलं नसतं: ‘दिस इज स्पायनल टॅप’ आणि रॉक बँडचे खोटे माहितीपट

‘दिस इज स्पायनल टॅप’ २ मार्च १९८४ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. लांबी ८२ मिनिटं. दिग्दर्शक रॉब रायनर, आणि हा त्याचा पहिलाच सिनेमा. गोष्ट साधी आहे. स्पायनल टॅप नावाचा इंग्लिश हेवी मेटल बँड १९८२ मध्ये नवा अल्बम घेऊन अमेरिकेच्या दौऱ्यावर येतो. मार्टी डिबर्गी नावाचा दिग्दर्शक कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे फिरतो. दौरा मोठ्या सभागृहांतून घसरत घसरत एका करमणूक उद्यानापर्यंत पोचतो. तिथल्या पाटीवर वर बाहुल्यांच्या खेळाची जाहिरात आणि खाली बँडचं नाव. बँड खोटा, माहितीपट खोटा, डिबर्गीसुद्धा खोटा (तो रायनरनेच साकारलाय). मात्र गाणी, वाद्यं, कॅमेरा, रेकॉर्ड कंपनीची माणसं, हॉटेलं आणि दौऱ्यातले घोळ इतके अचूक आहेत की चाळीस वर्षांनंतरही हा प्रकार करू पाहणाऱ्या प्रत्येकाला याच सिनेमाशी झुंजावं लागतं.

आधी गाण्यांबद्दल, कारण बहुतेक नकलाकार तिथेच तोंडावर पडतात. विडंबन करायचं तर मूळ कला हातात असावी लागते. केशवकुमारांची विडंबनं आजही म्हणावीशी वाटतात, कारण त्यांचं वृत्त कुठे अडखळत नाही. यती-यमक जागच्या जागी, आणि त्या घोटीव ओळीत भलताच विषय. स्पायनल टॅपचं तेच आहे. नायजेल टफनेल झालेला ख्रिस्तोफर गेस्ट, डेव्हिड सेंट हबिन्स झालेला मायकेल मॅकीन आणि डेरेक स्मॉल्स झालेला हॅरी शिअरर हे तिघं विनोदी नट, पण तिघांचंही वाजवणं आणि गाणं स्वतःचं. कीबोर्डवरचा डेव्हिड काफ ‘रेअर बर्ड’मधला आणि ड्रमवरचा आर. जे. पार्नेल ‘ॲटॉमिक रूस्टर’मधला, म्हणजे दोघंही खऱ्या इंग्लिश बँडांतून आलेले. स्पायनल टॅप पहिल्यांदा दिसला तोसुद्धा १९७९ मध्ये टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमातल्या गाण्यात. म्हणजे सिनेमा प्रदर्शित होईपर्यंत हे लोक पाच वर्षं त्या भूमिकांत मुरलेले होते.

बँडचा खोटा इतिहासही गाण्यांतूनच सांगितलाय. १९६५ चं ‘गिमी सम मनी’ कृष्णधवल टीव्हीवर, त्या काळच्या बीट बँडांच्या थाटात. १९६७ चं ‘लिसन टू द फ्लॉवर पीपल’ रंगीत, फुलाफुलांचं, प्रेमाचा संदेश देणारं. मग थेट चामडी कपडे आणि कर्कश गिटार. तीन काळ, तीन चाली, आणि प्रत्येक ठिकाणी पडद्यावरच्या चित्राचा पोतही त्या काळाचा. या मंडळींना स्वतःचं असं काहीच नाही, वारा येईल तशी पाठ फिरवत ते पंधरा-सतरा वर्षं टिकलेत, हे एकाही पात्राने न सांगता कळतं. रॉकचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना इथे दुप्पट मजा येते. ज्यांना ठाऊक नाही त्यांनाही काहीतरी ओळखीचं वाटत राहतं.

‘बिग बॉटम’ हे गाणं तर जाणकारांसाठी मेजवानी आहे. त्यात नेहमीची गिटार नाहीच, तिघंही बेस म्हणजे खर्जातली गिटार वाजवतात. बेसची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते. एवढ्या खालच्या पट्टीत तीन वाद्यं एकदम घुसली की सूर वेगळे ऐकू येत नाहीत, नुसता गदारोळ होतो. शहाणा साउंडवाला हे कधीच होऊ देणार नाही. पण गाण्याचा विषय (बाईचा मोठा पार्श्वभाग) पाहता यांना जेवढं खालचं तेवढं चांगलं वाटतं, आणि ते अगदी मन लावून वाजवतात. २००७ मध्ये लंडनच्या वेम्बलीवर ‘लाइव्ह अर्थ’च्या मैफलीत त्यांनी हेच गाणं बेसवादकांचा अख्खा ताफा मंचावर बोलावून वाजवलं होतं.

आता तो प्रसिद्ध ॲम्प्लिफायर. नायजेल डिबर्गीला आपली वाद्यं दाखवतोय. एक गिटार अशी की तिला हात तर लावायचा नाहीच, तिच्याकडे बोट दाखवायचं नाही, बघायचंही नाही. मग तो मार्शल कंपनीच्या ॲम्पकडे वळतो. त्याच्या सगळ्या नॉबवर आकडे दहापर्यंत नाहीत, अकरापर्यंत आहेत. नायजेलचं म्हणणं: बाकीचे दहावर पोचले की पुढे जायला जागा नसते, आम्ही अकरावर जातो. डिबर्गी विचारतो, मग दहाच जास्त मोठा का करत नाही? इथे गेस्ट काय करतो ते नीट बघा. च्युइंग गम चघळणारं तोंड क्षणभर थांबतं, डोळ्यांत काहीतरी हलतं, प्रश्न आत जाऊन कुठेही न टेकता परत येतो. मग तो शांतपणे आपलं आधीचंच वाक्य पुन्हा सांगतो. त्याला राग येत नाही, ओशाळल्यासारखंही होत नाही. समोरच्यालाच कळत नाहीये याची त्याला जराशी कीव येते.

हा विनोद तांत्रिकदृष्ट्या पक्का आहे. नॉबवरचा आकडा म्हणजे पॅनेलवर छापलेलं चिन्ह. आवाज किती निघणार हे ॲम्पच्या पॉवर स्टेजवर आणि स्पीकरवर अवलंबून. पन्नास वॅटचा ॲम्प बदलून शंभर वॅटचा आणला तरी फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा. कानाला आवाज दुप्पट वाटायला शक्ती साधारण दहापट लागते. शिवाय जुन्या व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये नॉब सहा-सातच्या पुढे नेला की आवाज फारसा वाढत नाही, फाटतो. आणि तो फाटलेला आवाजच रॉकवाल्यांना हवा असतो. म्हणजे नायजेलची समजूत चुकीची, पण त्याची भूक खरी. गिटार वाजवणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असते. पुढे मार्शलने गेस्टला नायजेलच्याच वेषात घेऊन जाहिरात केली, आणि त्या जेसीएम ९०० मालिकेच्या नॉबवर आकडे वीसपर्यंत छापले. बीबीसीच्या आयप्लेअरवर आवाजाची पट्टी अकरापर्यंत जायची, तीसुद्धा याच दृश्यामुळे.

दुसरं दृश्य स्टोनहेंजचं, आणि बांधणीच्या दृष्टीने हे सगळ्यात सरस. बँडला मंचावर स्टोनहेंजची भव्य कमान हवी असते. नायजेल हॉटेलातल्या कागदी रुमालावर चित्र काढतो आणि उंची लिहितो १८. इंग्रजी मापांत आकड्यावर एक तिरकी रेघ काढली की फूट, दोन काढल्या की इंच. नायजेल दोन काढतो. मॅनेजर इयन फेथ तो रुमाल घेऊन कारागीर बाईकडे जातो (ही छोटी भूमिका अँजेलिका ह्यूस्टनची). ती त्याला एक छान कमान दाखवते. तो खूश होऊन विचारतो, हे नमुन्याचं झालं, खरी तयार कधी होणार? ती म्हणते, हीच खरी. तिने हुकूम तंतोतंत पाळलाय, अठरा इंच म्हणजे अठरा इंच.

आता गंमत अशी की चूक कळल्यावरही इयन ती थांबवत नाही. ती कमान मंचावर येते, धुरात, ढोलांच्या गजरात, वरून हळूहळू खाली उतरते. दीड फुटाची. भोवती नाचायला बुटकी माणसं आणलेली आहेत, म्हणजे ती आणखीच छोटी दिसते. नायजेल तेव्हाही तन्मयतेने वाजवत असतो. एका दोन रेघांच्या चुकीचा हा प्रवास चार टप्प्यांतून जातो: रुमाल, कारखाना, मंच आणि नंतरचं भांडण. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी एक प्रश्न विचारला असता तर सगळं टळलं असतं. दौऱ्यावरच्या नाटकाचा सेट ज्यांनी कधी टेम्पोतून उतरवलाय, त्यांना असल्या चुकीचा मार्ग नेमका कसा असतो हे सांगायला नको.

हे दृश्य सिनेमाच्या आधीच्या नमुना चित्रफितीतही होतं. त्यानंतर १९८३ मध्ये ब्लॅक सॅबाथने आपल्या दौऱ्यासाठी खरोखरच स्टोनहेंजचा सेट बनवून घेतला, आणि बँडवालेच सांगतात की फूट आणि मीटर यांच्या घोळात तो इतका प्रचंड झाला की बऱ्याच सभागृहांत मावेनासा झाला. कल्पनेतला घोळ आधी, खरा नंतर!

लहान जागाही अशाच नेमक्या आहेत. मंचामागच्या खोलीत बँडसाठी खाणं ठेवलंय: मांसाचे मोठे काप आणि पाव मात्र इवलासा. नायजेल एकेक पाव उचलून सँडविच करून बघतो, काप बाहेर लोंबतो, तो काप दुमडतो, मग पाव दुमडतो, पाव मोडतो. पुढे ऑलिव्ह. एकात सारण आहे, एकात नाही. या सगळ्यावर तो मोठ्या संयमाने बोलतो, जणू काही जगातला अन्याय सहन करायची त्याने सवय करून घेतलीय. गिटारच्या एकल वादनात तो व्हायोलिन घेऊन गिटारच्या तारांवर घासतो, मध्येच थांबतो, व्हायोलिनचा सूर लावून घेतो आणि पुन्हा घासायला लागतो. क्षणार्धात निघून जातं, पण जो वादक आहे तो खुर्चीतून खाली पडेल. हवाई दलाच्या तळावरच्या कार्यक्रमात ॲम्पमधून विमानांचं बोलणं ऐकू येतं, तेही हवेतलं नाही. वैमानिकांचं संभाषण एएम पद्धतीने चालतं, आणि वायरलेस सेट किंवा कच्चा डाग असलेली केबल जोरदार सिग्नल पकडून ॲम्पच्या पहिल्याच टप्प्यात तो बोलका करू शकते. जुन्या मंडपांत स्पीकरवर मध्येच रेडिओ लागायचा, त्याचंही मूळ बहुधा हेच.

मंचावर तीन मोठे पारदर्शक कोश ठेवलेत, त्यातून तिघं जन्म घेतल्यासारखे बाहेर यायचेत. डेरेकचा उघडत नाही. कामगार हातोडा आणतो, मग आगीची बत्ती आणतो, आत डेरेक आपला बेस वाजवतोच आहे. कोश उघडतो तोवर गाणं संपलेलं असतं आणि बाकीचे दोघं आपापल्या कोशात परत निघालेले असतात. शिअररचं कौतुक एवढ्यासाठी की कोंडलेला असूनही तो एकही ताल चुकवत नाही.

कॅमेऱ्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या प्रकारचा अर्धा डोलारा त्याच्यावर असतो. छायाचित्रण पीटर स्मोकलरचं, हा खऱ्या माहितीपटांत काम केलेला माणूस. १६ मिमी फिल्म, बहुतेक ठिकाणी खांद्यावरचा कॅमेरा. पुढे काय होणार हे कॅमेऱ्याला ठाऊक नसतं, हा इथला मुख्य नियम. त्यामुळे कोणी बोलायला लागलं की कॅमेरा जरा उशिरा त्याच्याकडे वळतो, नको तिथे झूम होतो, दारातून आत यायला धडपडतो. बँड मंचाकडे जायला निघतो आणि तळघराच्या बोळांत हरवतो, तेव्हा कॅमेराही त्यांच्यासोबत हरवतो. कुठलाच शॉट मंचावरून प्रेक्षकांची वाट बघणं दाखवायला जात नाही. मुलाखतींत दिग्दर्शक स्वतः समोर बसून प्रश्न विचारतो, ही १९७८ च्या ‘द लास्ट वॉल्ट्झ’ या रॉक माहितीपटाची धाटणी. मंचामागची अस्वस्थ शांतता ‘डोंट लुक बॅक’सारख्या १९६७ च्या माहितीपटातून आलेली. हे मूळ सिनेमे आधी पाहिलेत तर रायनरने कुठून काय उचललंय ते दिसतं, आणि त्याचा त्यांच्यावर किती जीव होता तेही.

पटकथा नेहमीच्या अर्थाने नव्हतीच. लिहायला म्हणून मिळालेल्या ६०,००० डॉलरमध्ये चौघांनी वीस मिनिटांचा नमुना चित्रित केला, कारण कागदावर हे वाचून कोणालाही हसू येणार नाही हे त्यांना कळलं होतं. प्रसंगांचा आराखडा आणि बँडचा तपशीलवार इतिहास पक्का, संवाद मात्र जागच्या जागी सुचलेले. श्रेयनामावलीत लेखक म्हणून गेस्ट, मॅकीन, शिअरर आणि रायनर अशी चार नावं आहेत. या पद्धतीत किंमत मोजावी लागते ती संकलनाच्या टेबलावर. एकच प्रसंग तीनदा घेतला तर तिन्ही वेळा वेगळं बोललेलं, म्हणजे एका टेकमधला प्रश्न आणि दुसऱ्यामधलं उत्तर जुळवता येत नाही. साडेचार तासांच्या आसपासची एक कच्ची प्रत चाहत्यांमध्ये फिरत असते, त्यातून ८२ मिनिटं म्हणजे किती गाळलं याचा अंदाज येईल. त्या गाळण्याचा एक माग सिनेमात राहिलाय. मधल्या काही दृश्यांत बँडवाल्यांच्या ओठांवर अचानक फोड दिसतात आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. आधी वाजवणाऱ्या दुसऱ्या बँडच्या गायिकेचं एक उपकथानक होतं, ते कापलं, फोड तसेच राहिले. माझ्या मते सिनेमाचं यात नुकसान झालेलं नाही. खऱ्या माहितीपटातही असंच काहीबाही न उलगडता राहून जातं.

सुरुवातीला हा सिनेमा फार चालला नाही. पूर्वप्रदर्शनाला आलेल्या काही प्रेक्षकांनी, कधी नाव न ऐकलेल्या इतक्या वाईट बँडवर सिनेमा का काढला, असं विचारल्याचं रायनर सांगत असे. व्हिडिओ कॅसेट आल्यावर तो हातोहात गेला, दौऱ्यावरच्या बसमध्ये खऱ्या बँडांनी तो पाठ केला, आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जतन करायच्या सिनेमांच्या यादीत, त्याची निवड झाली.

दोष आहेत. सगळ्यात मोठा म्हणजे जनीन. डेव्हिडची ही मैत्रीण दौऱ्यावर येते, राशीचक्र बघून कार्यक्रम ठरवू लागते आणि बँड फुटतो. बाई आली आणि मित्रांत फूट पडली, हे रॉकच्या दंतकथांतलं घासून गुळगुळीत झालेलं सूत्र सिनेमाने जसंच्या तसं उचललंय. जून चॅडविकने काम चोख केलंय, पण नायजेलला मिळते ती माया तिच्या पात्राला मिळत नाही. अल्बमच्या अश्लील मुखपृष्ठावरून कंपनीची बॉबी फ्लेकमन इयनला सुनावते तो प्रसंग (फ्रॅन ड्रेशर, काही मिनिटांत भाव खाऊन जाते) बायकांच्या बाजूने जरा तरी बोलतो. दुसरं, स्टोनहेंजच्या दृश्यातल्या बुटक्या नर्तकांवरचं हसू आज खटकतं. कमान तेवढी पुरेशी होती.

या सिनेमाचं सोंग घेऊन पुढे अनेक आले. बिघडतं कुठे ते ठरलेलं आहे. गाणी मुद्दाम वाईट केली की दुसऱ्या मिनिटाला कंटाळा येतो, कारण वाईट गाणं एकदाच हसवतं. पात्रांना आपण विनोदी आहोत हे कळलं की संपलंच. कॅमेरा जिथे असूच शकत नाही तिथे गेला, म्हणजे बंद खोलीतलं दोघांचं भांडण चारी बाजूंनी दाखवलं, की माहितीपटाचा बहाणा गळून पडतो. आणि खऱ्या तारकांना पाहुणे म्हणून बोलावण्याचा मोह. पहिला पाहुणा आवडतो, सातव्याला गोष्ट मरते.

२०१६ चा ‘पॉपस्टार: नेव्हर स्टॉप नेव्हर स्टॉपिंग’ या शेवटच्या खड्ड्यात पडतो. गाणी खणखणीत, अँडी सॅमबर्गचा उत्साह दांडगा, पण दर थोड्या वेळाने कोणीतरी मोठा कलाकार येऊन दोन वाक्यं टाकून जातो. थिएटरात त्याचा खर्चही निघाला नाही. तरी गाण्यांसाठी बघाच.

‘ऑल यू नीड इज कॅश’ मात्र स्पायनल टॅपच्या आधीचा, १९७८ चा, आणि अव्वल. एरिक आयडलने बीटल्सच्या कहाणीवर रचलेला ‘द रटल्स’ नावाचा खोटा बँड. त्याचा प्राण म्हणजे नील इनसची गाणी. बीटल्सचं एकही गाणं न उचलता त्यांची प्रत्येक लकब त्याने पकडलीय. इतकी की हक्कांवरून वाद झाला आणि त्याला कमाईतला वाटा सोडावा लागला. जॉर्ज हॅरिसन स्वतः वार्ताहर बनून त्यात आलाय, आणि तिथे पाहुणा खटकत नाही, कारण तो ओळखू न येण्याची खबरदारी घेतो. हा टीव्हीसाठी बनलेला, विनोदाचा बाज सरळ स्केचचा, त्यामुळे पात्रांबद्दल ओढ वाटत नाही. अमेरिकेत एनबीसीवर त्याला प्रेक्षकही फार थोडे मिळाले.

इंग्लंडमध्ये चॅनेल ४ वर जानेवारी १९८३ मध्ये ‘बॅड न्यूज टूर’ दाखवला गेला, म्हणजे स्पायनल टॅपच्या वर्षभर आधी आणि त्याच्याशी काही संबंध नसताना. एड एडमंडसन, रिक मेयल, नायजेल प्लेनर आणि पीटर रिचर्डसन. इथला बँड मोठा कधी झालेलाच नाही. एका व्हॅनमधून जातो, भांडतो, आणि माहितीपटवाले त्याला सोयीस्कर उचकवतात. कॅमेरावाले स्वतः किती लबाड असतात हे यात जास्त धारदारपणे येतं. १९८६ मध्ये हे लोक डॉनिंग्टनच्या मेटल महोत्सवात खरंच वाजवायला उभे राहिले आणि प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या. नंतर क्वीनच्या ब्रायन मेने त्यांचा अल्बम केला.

रस्टी कंडीफचा १९९३ चा ‘फिअर ऑफ अ ब्लॅक हॅट’ हाच साचा हिप-हॉपमध्ये नेतो. स्पायनल टॅपचे ड्रमर एकामागून एक मरतात, इथे मॅनेजर मरतात. ब्रूस मॅकडॉनल्डचा कॅनडातला ‘हार्ड कोअर लोगो’ १९९६ चा, पंक बँडच्या पुनर्मीलन दौऱ्याचा. तो हसवत हसवत कडू होतो आणि शेवट जिव्हारी लागतो. मन ठीक नसेल त्या रात्री लावू नका. माझी निवड विचाराल तर स्पायनल टॅपनंतर हाच.

उत्तरार्धाबद्दल. पहिल्या सिनेमाच्या कमाईवरून शिअररने २०१६ मध्ये फ्रेंच मालक कंपनीवर दावा लावला, नंतर बाकीचे तिघं सामील झाले. १९८४ ते २००६ या काळातल्या मालविक्रीतून चौघांच्या वाट्याला मिळून ८१ डॉलर आल्याचा हिशेब कंपनीने दाखवला, असं त्यात म्हटलं होतं. समेट झाला, हक्क परत मिळाले, आणि त्यामुळेच सप्टेंबर २०२५ मध्ये ‘स्पायनल टॅप २: द एंड कंटिन्यूज’ येऊ शकला. नायजेल आता चीज आणि गिटार यांचं एकत्र दुकान चालवतो, ही कल्पना पहिल्या सिनेमाच्या तोडीची. नवी ड्रमर व्हॅलरी फ्रँको जोरदार वाजवते. म्हाताऱ्या मित्रांतला अबोला हळुवारपणे हाताळलाय. पण कॅमेरा आता गुळगुळीत आहे, चित्र चकचकीत आहे, आणि पॉल मॅकार्टनी, एल्टन जॉन आले की सगळे त्यांच्याकडे आदराने बघू लागतात. पहिल्यात या बँडकडे आदराने बघणारं फक्त तो बँडच होता. चाहत्यांनी बघावा, नव्या माणसाने इथून सुरुवात करू नये.

कसा बघायचा: सबटायटल लावूनच. नट अमेरिकन असून इंग्लिश उच्चार हुबेहूब काढतात, शिवाय एकावर एक बोलतात, आणि चांगले विनोद वाक्याच्या शेपटीत पुटपुटलेले असतात. शक्यतो हेडफोन वापरा. शिव्या आणि अश्लील गाणी आहेत, लहान मुलांना घेऊन बसू नका. भारतात तो कोणत्या ॲपवर आहे हे बदलत राहतं, बहुधा भाड्याने मिळतो. डिस्क शोधणाऱ्यांनी २००० ची एमजीएमची डीव्हीडी मिळते का पाहावं. तिच्यात तासाभराहून जास्त कापलेली दृश्यं आहेत, आणि तिघं आपापल्या पात्रांतच राहून सिनेमावर भाष्य करतात, डिबर्गीने आपल्याला कसं बदनाम केलं याची तक्रार करत. ते भाष्य म्हणजे जवळपास दुसरा सिनेमाच आहे. १९९८ च्या क्रायटेरियन डीव्हीडीवरचं भाष्य वेगळं आहे, तिथे नट आणि संकलक खरोखर काम कसं झालं ते सांगतात. शिकणाऱ्यांना ते उपयोगी.

आणि लगेच दुसऱ्या दिवशी ‘अनव्हिल! द स्टोरी ऑफ अनव्हिल’ लावा. २००८ चा हा खरा माहितीपट, कॅनडातल्या खऱ्या मेटल बँडचा, ज्याच्या ड्रमरचं नाव योगायोगाने रॉब रायनर आहे. त्यातही फसलेला दौरा आहे, रिकामी सभागृहं आहेत, बालमित्रांची भांडणं आहेत, स्टोनहेंजसुद्धा आहे, आणि स्पायनल टॅपसारखाच शेवटचा मुक्काम जपान.